चूक ऐकणारा कान

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक गाव. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा परिसर त्याच्या शेजारी वसला, मोठा वर्तुळमार्ग त्याच्या कडेने गेला, शेती संपली आणि गावठाण तेवढे शहराच्या पोटात उरले. तेथील चार-पाच मजली घरांतून आज विद्यार्थी, स्पर्धापरीक्षांचे उमेदवार आणि दूरच्या राज्यांतून नोकरीसाठी आलेले तरुण भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. अशा घराच्या अरुंद जिन्यावरून दोन-अडीचशे किलो वजनाचा पियानो वर नेणे दुरापास्तच. आणि नेला, तरी भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी तो फार वेळ वाजू देणार नाहीत. म्हणून तेथे ज्याला पियानो शिकावासा वाटतो, त्याच्या हाताशी ८८ ऐवजी ६१ पट्ट्यांचा, विजेवर चालणारा कीबोर्ड असतो, कानांवर हेडफोन असतात आणि समोर संगणकाचा पडदा असतो. शिक्षकाच्या जागी असतो तो एक खेळ.

या खेळाची रचना सोपी आहे. पडद्याच्या तळाशी पियानोच्या पट्ट्यांचे चित्र असते. वरून रंगीत दांड्या खाली सरकत येतात. जी दांडी ज्या पट्टीवर टेकेल, ती पट्टी त्या क्षणी दाबायची. दांडी जितकी लांब, तितका वेळ ती धरून ठेवायची. दोन हातांना दोन रंग. स्वरलिपी वाचता येण्याची गरज नाही. वाद्य आणि संगणक यांचे संभाषण १९८३ साली प्रचारात आलेल्या 'मिडी' या संकेतपद्धतीने होते. त्यामुळे योग्य पट्टी योग्य वेळी दाबली गेली की नाही, हे संगणकाला तत्काळ कळते आणि तो गुण देतो. ही कल्पना अगदी नवी नव्हे. १९९० साली अमेरिकेत निघालेल्या 'मिरॅकल' या पियानो-शिक्षणाच्या संचात बरोबर स्वर वाजवून पडद्यावरील बदके टिपावी लागत. २००५ सालच्या 'गिटार हिरो'ने सरकत्या खुणांची रीत घरोघरी नेली आणि तिच्या प्रभावातून 'पियानो हिरो' निघाला. नावातील साम्यामुळे त्यालाच पुढे 'सिंथेसिया' हे नाव घ्यावे लागले. या सर्वांचा पूर्वज मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवतरलेला पियानोला होय. छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी त्यात फिरे आणि पट्ट्या आपोआप वाजत. तेथे कागद यंत्राला आज्ञा देई. येथे पडदा माणसाच्या बोटांना देतो.

याच ठिकाणी प्रश्न उभा राहतो. आज्ञा अचूक पाळणाऱ्या या बोटांना वाजवणे आले, असे म्हणायचे काय?

गुरुमुखातूनच विद्या घ्यावी, असे मानणाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे. परंतु ते घाईचे आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या कंठांत बंदिस्त असलेल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांतून प्रसिद्ध केल्या, तेव्हाही पुस्तकातून गाणे येत नसते, असाच आक्षेप घेतला गेला. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गायनविद्येला वर्ग, इयत्ता आणि परीक्षा दिल्या. त्यावरही हेच म्हटले गेले. आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. पण त्या पुस्तकांनी आणि वर्गांनी विद्येचे दार ज्यांच्यासाठी उघडले, त्यांच्यासमोर उत्तम गुरू की पुस्तक, असा पर्यायच नव्हता. पुस्तक की काहीच नाही, एवढाच पर्याय होता. मुनिरक्यातील खोलीतही पर्याय तोच आहे.

शिवाय यंत्राजवळ एक गुण असा आहे, की तो फार थोड्या शिक्षकांजवळ आढळतो. ते कंटाळत नाही. पंचविशीत पहिला स्वर शोधणारा प्रौढ विद्यार्थी एकच ओळ शंभर वेळा चुकला, तरी त्याच्याकडे कोणी खेदाने पाहत नाही. एकलव्याने मातीच्या मूर्तीपुढे विद्या साधली. त्या मूर्तीनेही त्याचा कधी उपहास केला नाही. उपहास आणि अंगठा ही दोन्ही मागणी जिवंत गुरूंच्या जगातून आली. गुरुपरंपरेचे गोडवे गाताना या गोष्टीचे विस्मरण होऊ नये.

यंत्र अंगठा मागत नाही हे खरे. पण त्याला अंगठा दिसतही नाही. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पट्टीवाद्य वाजवताना कोणते बोट कोठे पडावे याचा सविस्तर विचार केला आणि पूर्वी उपेक्षित असलेल्या अंगठ्याला प्रमुख स्थान दिले. खेळाला फक्त दाबलेली पट्टी कळते. ती कोणत्या बोटाने दाबली, मनगट ताठरले आहे काय, खांदे वर चढले आहेत काय, हे कळत नाही. आघाताचा वेग 'मिडी' १ ते १२७ या अंकांत मोजू शकते. परंतु त्यातला कोणता अंक या ओळीला शोभेल, हे ते सांगत नाही. शिवाय सरावाच्या सोयीसाठी हा खेळ योग्य पट्टी दाबली जाईपर्यंत थांबून राहतो. संगीत मात्र कोणासाठी थांबत नाही. ठेक्याचे आवर्तन चालूच असते आणि सम चुकली, तर ती चुकतेच.

या उणिवा तांत्रिक आहेत. उद्या त्या दूरही होतील. खरी उणीव निराळी आहे. समेवर येताना अडखळलेल्या गायकाला आपली चूक कोणी सांगावी लागत नाही. श्रोत्यांच्या आधी ती त्याला स्वतःलाच बोचते. ही बोच हेच शिक्षणाचे फळ होय. चांगला गुरू प्रारंभी शिष्याच्या वतीने ऐकतो, आणि हळूहळू ते ऐकणे शिष्याच्या कानात रुजवून स्वतः बाजूला होतो. खेळाजवळ असे बाजूला होणे नाही. चूक झाली हे पडदा सांगतो, सुधारली हेही पडदाच सांगतो. विद्यार्थ्याने केवळ गुण वाढवायचे. अशा रीतीने वर्षभर एकही चूक न करता वाजवणाऱ्यालाही स्वतःची चूक कशी ऐकू येते, हे कदाचित ठाऊक नसेल. त्याने अचूकपणा मिळवला, पण अचूक काय, हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती ठेवला.

हा केवळ संगीताचा प्रश्न नव्हे. शिष्याला आयुष्यभर आपल्या होकारावर अवलंबून ठेवणारे गुरूही असतात, आणि गुणपत्रिकेवाचून स्वतःचे मोल न कळणारे विद्वानही असतात. तेव्हा गुरू सजीव की निर्जीव, हा भेद गौण ठरतो. शिकवणारा आपली गरज कमी करीत नेतो की वाढवीत नेतो, ही कसोटी मात्र दोघांनाही सारखीच लागू आहे.

फरक एवढाच, की कधीतरी गुरू स्वतः म्हणू शकतो, 'आता मी बोलणार नाही, तू वाजव.' खेळ हे म्हणणार नाही. विद्यार्थ्यालाच ते स्वतःला म्हणावे लागेल. गुरूशिवाय शिकणाऱ्यावर शिष्याचे आणि गुरूचे अशी दोन्ही कर्तव्ये येऊन पडतात, आणि खेळाच्या मोहकपणात त्यांतील दुसऱ्याचा विसर पडतो. पडदा मिटून तीच रचना पुन्हा वाजवू पाहावी. पहिल्याच दोन ओळींनंतर हात कदाचित थबकेल. तेथे गुण नाहीत, रंग नाहीत, कोणी थांबून राहिलेले नाही. हेडफोनमधून येणारा एक स्वर तेवढा आहे, आणि तो बरोबर की चूक, हे ठरवायला त्या खोलीत दुसरे कोणीही नाही.