काडीचे मोल

प्रामाणिकपणा पोटापाण्याशी जोडला गेला म्हणजे त्याची खरी कसोटी लागते. सभासमारंभात सत्याची महती सांगणे अवघड नसते. सत्य बोलल्याने आपल्याच ताटातला घास कमी होणार असेल, तर मात्र जीभ अडखळते. हा पेच नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आढळतो, तसाच तो खेळाच्या मैदानावरही उभा राहतो.

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा विरंगुळा, असा आपल्याकडे समज आहे. या खेळावर उपजीविका करणाऱ्या व्यावसायिकाचे जीवन मात्र तितके निवांत नसते. त्याला ठरावीक पगार नाही. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांत जे मागे पडतात, ते बहुधा रिकाम्या हातांनी परततात. प्रवासाचा, मुक्कामाचा आणि काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा खर्च काही चुकत नाही. शिवाय प्रत्येक खेळाडूच्या मागे शिट्टी घेऊन धावणारा पंच येथे नसतो. आपल्या हातून नियमभंग झाला, तर तो आपणच सांगावा, अशी या खेळाची रीत आहे.

ब्रायन डेव्हिस हा इंग्लिश खेळाडू १९९४ साली व्यावसायिक झाला. २००० साली त्याने स्पॅनिश ओपन जिंकली. पुढे अमेरिकेत तो अनेक वर्षे खेळला. परंतु तेथील पीजीए टूरवर विजय त्याला हुलकावणीच देत राहिला. १८ एप्रिल २०१० रोजी साउथ कॅरोलायनातील हार्बर टाउनच्या मैदानावर हा विजय अगदी हाताशी आला. शेवटच्या होलवर अचूक फटका मारून त्याने जिम फ्युरिकशी बरोबरी साधली आणि निकालासाठी अठरावा होल पुन्हा खेळण्यात आला. या वेळी डेव्हिसचा चेंडू खाडीकाठी, वाळक्या लव्हाळ्यांत जाऊन पडला. फटका मारण्यासाठी काठी मागे नेताना एक सुटी काडी किंचित हलल्यासारखी त्याला वाटली. अशा जागी काडी हलणे म्हणजे तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन फटक्यांचा दंड. त्याने स्वतःहून अधिकाऱ्याला बोलावले. दूरचित्रवाणीची चित्रफीत अगदी संथ करून पाहिली, तेव्हा काडी हललेली दिसली. विजय फ्युरिकचा झाला. पहिले बक्षीस होते १०,२६,००० डॉलर आणि दुसरे ६,१५,६०० डॉलर. पीजीए टूरवरील विजय डेव्हिसला त्यानंतरही लाभला नाही.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की २०१९ साली गोल्फचे नियम बदलले. आज त्याच जागी तशीच काडी हलली, तर दंड होत नाही. मग त्या माणसाने एवढी किंमत मोजली ती कशासाठी? काडी हलल्याने त्याच्या फटक्याला काहीच साहाय्य झाले नव्हते. कोणाचे नुकसानही झाले नव्हते. जो नियम पुढे नियम करणाऱ्यांनीच मोडीत काढला, त्यापायी आयुष्यातील संधी दवडणे हा विवेक म्हणावा की भाबडेपणा?

या शंकेचे उत्तर नियमात नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या फ्युरिकमध्ये आहे. तो त्याच नियमाने बांधलेला होता. नियम चुकीचा असू शकतो. तो बदलावा म्हणून भांडण्यास मुभा असते. परंतु ऐन लाभाच्या क्षणी, कोणालाही न सांगता, फक्त स्वतःपुरता नियम बाजूला ठेवणारा मनुष्य त्या नियमात सुधारणा करीत नाही. तो दुसऱ्याला बंधनात ठेवून आपण मोकळा होतो. सत्याचे देणे नियमाला नसते, ते माणसाला असते. म्हणूनच नियम बदलला तरी डेव्हिसची कृती शिळी होत नाही.

१९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सनेही चेंडू हलल्याचे सांगून स्वतःवर एका फटक्याचा दंड ओढवून घेतला होता आणि पुढे निर्णायक फेरीत तो हरला. जोन्स हौशी खेळाडू होता. खेळावर त्याची चूल पेटत नव्हती. डेव्हिसची पेटत होती. अर्थात, दुसरे बक्षीसही काही लहान नव्हते, हेही नाकारता येत नाही. उपाशी राहण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

याहून बिकट कसोटी तुमच्याआमच्या वाट्याला येते. दुकानदाराचा काटा, कारकुनाची हजेरी, वाटणीच्या वेळी भावाला ठाऊक नसलेला कागद, या ठिकाणीही काडी हलते. तेथे ती दाखवून देणारी चित्रफीत नसते. सांगितले तर कौतुक होईलच असे नाही. घरचीच माणसे वेड्यात काढतील. पण काडी हलली, हे एका माणसाने पाहिलेले असते, आणि त्याच माणसाबरोबर आपल्याला उरलेला जन्म काढायचा असतो.