आयुष्य वाढले, ते कशासाठी?

सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत, श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या दर्शनानंतर, ‘काळ बिघडला’ हे उद्गार हमखास कानी पडतात. ते पूर्ण सत्य नव्हेत. स्वातंत्र्यसमयी भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, मुख्यतः बालमृत्यूंमुळे. आज ते सुमारे ७० आहे. ज्यास लोक देवतेचा कोप समजत, तो देवीचा रोग लसीने जगातून नष्ट झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. लेकरे वाचली, हे नाकारणे कृतघ्नपणा होय.

परंतु सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न सांगितले. देहाचे सुख प्रपंचातले. जीवाचा उद्धार परमेश्वराधीन. म्हणून साधकाने निराश होऊ नये, तसे निश्चिंतही राहू नये. लाभलेली अधिक वर्षे स्मरणात गेली काय, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. दंडवत प्रणाम.