राग नावाचा की जमिनीचा?

12 जानेवारी 1953 रोजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना डी. लिट. देऊन गौरवले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. पंचवीस वर्षांनी, 27 जुलै 1978 रोजी, मराठवाडा विद्यापीठाला त्याच बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि याच जिल्ह्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा खून झाला.

ज्यांच्या घरातले कोणी विद्यापीठाची पायरी चढले नव्हते, तेही का चवताळले? माझ्या मते याचे बरेचसे उत्तर गायरानात, गुरे चारायला राखलेल्या गावच्या जमिनीत आहे. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून राबलेली दलित माणसे तिथला पडीक माळ फोडून ज्वारी पेरू लागली होती. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीन सत्याग्रहाने त्यांना बळ दिले होते. घरात स्वतःची चार पायली ज्वारी असली की माणूस मजुरी ठरवताना मान वर करून बोलतो. खुपले ते हे.

अमेरिकेच्या दक्षिणेत वेगळे घडले नाही. 1865च्या जानेवारीत जनरल शर्मन यांनी किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जुन्या मळेवाल्यांच्या घशात परत घातली. जोतीराव फुल्यांनी 1873 साली गुलामी संपवणाऱ्या अमेरिकनांना ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तेव्हा तिकडचा मुक्त शेतकरी बटईत आणि कर्जात रुतला होता.

आपल्याकडे 14 एप्रिल 1990पर्यंतची भूमिहीनांची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय 1991 साली निघाला. तरीही सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून आजही कसणाराच ‘अतिक्रमणदार’ ठरतो. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2011च्या जगपाल सिंग निकालाकडे बोट दाखवले जाते. पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटीस हातात पडली तर आधी तो वाचा.

गुरे चारायची कुठे, हा सवाल खोटा नाही. मात्र तो दोन एकरवाल्या दलितालाच विचारायचा आणि बांध सरकवत गायरान गिळणाऱ्या बागायतदाराला रामराम घालायचा, ही चलाखी आहे. गायरानाची खरी काळजी असेल, तर येत्या ग्रामसभेत मोजणीचा ठराव मांडा आणि मोजणी पाटलांच्या बांधापासून सुरू करा.