भवानी

कोलाड नाक्यावर सकाळ उजाडते ती शटरच्या खडखडाटाने. दुकानदार पायरीवर पाणी शिंपडतो, गल्ल्याला हळदकुंकू लावतो, उदबत्ती ओवाळतो आणि पहिल्या गिऱ्हाईकाची वाट बघतो. पहिली विक्री झाली की हातात आलेली नोट आधी कपाळाला लागते, मग गल्ल्यात जाते. या पहिल्या विक्रीला आपण ‘भवानी’ म्हणतो. दिवसाच्या कमाईची सुरुवात देवीच्या नावाने!

ती नोट कपाळाला लागताना दिसली की मला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आठवतात. मुंबईच्या नाना चौकाजवळ त्यांच्या घराण्याचं भवानीशंकराचं देऊळ आजही उभं आहे. नानांचं मुरकुटे घराणं मूळचं मुरबाडचं, परंपरेने व्यापारी. नानांचा जन्म 1803 चा. 1822 मध्ये वडील गेले आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर पेढीचा सगळा भार त्यांच्या अंगावर आला. त्यांनी तो असा पेलला, की अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसाअडका बँकेपेक्षा नानांच्या हवाली करून निर्धास्त होत. यालाच बाजारात ‘पत’ म्हणतात. ती विकत मिळत नाही आणि वारशानेही अर्धीच मिळते. उरलेली रोज कमवावी लागते.

दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तिजोरी आपली असली, तरी आतलं सगळं आपलं नसतं. नानांनी हीच नजर स्वतःच्या संपत्तीकडेही वळवली, असं मला वाटतं. मुंबईत मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा समाजातले कितीतरी लोक बिथरले. नाना श्रद्धाळू, देवाधर्माचे. तरीही त्यांनी त्या शाळांना पैसा पुरवला आणि विरोध झेलला. सतीच्या चालीवर बंदी आली, तेव्हाही ते बंदीच्या बाजूने उभे राहिले. देवासमोर हात जोडणाऱ्याने माणसाचं दुःख पाठीमागे टाकायचं नसतं, हा त्यांच्या श्रद्धेचा अर्थ होता.

शाळांप्रमाणेच आगगाडीसाठीही त्यांनी जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत 1845 पासून खटपट केली. ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या दहा संचालकांत हे दोघेच भारतीय होते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्याच जीआयपीची वारस असलेल्या मध्य रेल्वेची हद्द आमच्या रोह्याला संपते, तिथून कोकण रेल्वे सुरू होते आणि तिचं पहिलं स्थानक आमचं कोलाड. आज इथे मालाने भरलेले ट्रक थेट रेल्वेवर चढून गोव्याकडे निघतात.

नाना 1865 मध्ये गेले. रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावात जन्मलेला एक मुलगा त्यानंतर 47 वर्षांनी, 1912 मध्ये, मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. तोच पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला: चिंतामणराव देशमुख. एका व्यापाऱ्याच्या स्मरणाने गौरवलेला विद्यार्थी अख्ख्या देशाच्या ठेवीचा राखणदार झाला! शिष्यवृत्ती स्वीकारताना त्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. आणि मुलींच्या शाळेला पैसे मोजून देताना, त्यातून कोण घडणार आहे, हे नानांना तरी कुठे ठाऊक होतं? दिलेलं कुठे उगवेल, ते देणाऱ्याने विचारायचं नसतं.

आपल्या प्रत्येकाच्या गल्ल्यात काही ना काही असतंच. कुणाच्या पैसा, कुणाच्या विद्या, कुणाच्या नुसता मोकळा वेळ. आज सकाळी त्यातलं पहिलं थोडं दुसऱ्यासाठी बाजूला काढूया. दिवसाची भवानी त्यानेच होऊ दे.