‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे?

सोसायटीच्या मागच्या भूखंडावर कचरा हस्तांतरण केंद्र होणार असं कळल्यापासून आमच्या मजल्यावरचे काका हरकतीच्या अर्जावर सह्या गोळा करत होते. माझ्या दारात आले तेव्हा मी पेन हातात घेतलं, पण सही होईना.

काका : अडलंय कुठे?

मी : अर्जात लिहिलंय, ‘केंद्र दुसरीकडे न्यावे.’ दुसरीकडे म्हणजे कुठे, काका?

काका : ते महापालिकेनं ठरवावं. मी घर घेतलं तेव्हा मागे गुलमोहर होता, कचरा नव्हता.

मी : पुण्याजवळच्या फुरसुंगीच्या शेतकऱ्याच्या बांधालाही पूर्वी कचरा नव्हता. एके काळी पुण्याचा कचरा कोथरूडला पडायचा. तिथे वस्ती वाढली, तसा डेपो उरुळी-फुरसुंगीला गेला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. शहर सुटलं, फुरसुंगीकडच्या विहिरींचं पाणी मात्र नासलं.

काका : त्यांच्यावर अन्याय झाला, कबूल. म्हणून माझ्यावरही व्हावा, हा न्याय नव्हे. माझ्या नातवाला दमा आहे.

मी : हे मला खोडता येत नाही. पण हा डेपो नाही, रॅम्प आहे. घंटागाडी वर चढते, खालच्या मोठ्या गाडीत कचरा ओतते. ती भरली की कचरा प्रक्रिया प्रकल्पाकडे निघते. रॅम्प जवळ नसेल तर प्रत्येक घंटागाडीला ती सगळी वाट तुडवावी लागेल. फेऱ्या कमी होतील आणि कचरा चौकात साठेल.

काका : हे कागदावर. परवा वळणावर कचऱ्याची गाडी उभी होती. खालून काळं पाणी ठिबकत होतं. नातवाच्या बुटाला लागलं, दोनदा धुतला तरी वास जाईना.

मी : ते पाणी ओल्या कचऱ्याचं. कालचा वरणभात, कलिंगडाच्या साली आपणच पिशवीत बांधून देतो. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा, असं घनकचरा व्यवस्थापनाचे नियम सांगतात. ओला इथेच जिरवला, तर आपल्या कचऱ्यातून ना वास सुटेल, ना पाणी.

काका : आणि बाकीच्यांनी नाही जिरवला तर? त्यांच्या भरवशावर नातवाचा श्वास ठेवू?

मी : भरवशावर नको, अटींवर ठेवू. बंदिस्त शेड, कचरा रात्री मुक्कामी नाही, काळ्या पाण्याला स्वतंत्र टाकी, शाळेच्या वेळेत गाड्या बंद. अट मोडली तर आपण गेटवर उभे राहू. आपली तक्रार ऐकली जाते, काका. हेच केंद्र नाल्याकाठच्या वस्तीला चिकटून झालं, तर तिथल्या बाईचं कोण ऐकेल?

काका : म्हणजे आपलं ऐकलं जातं, म्हणूनच ते आपल्या शेजारी असावं?

मी : हो.

काका : डोक्याला पटतंय. नातवाकडे बघितलं की पटत नाही.

मी : भीती मलाही आहे. म्हणूनच अटी लेखी हव्यात, काम सुरू होण्याआधी.

काकांनी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार अटी लिहिल्या. पाचवी आम्ही स्वतःला घातली : ओला कचरा सोसायटीबाहेर जाणार नाही. त्याखाली दोघांनी सह्या केल्या.

तुमच्या भागातही अशा केंद्राची आखणी चालू असेल, तर हरकती जरूर नोंदवा. जागा खरोखर चुकीची असेल, तर तेही ठणकावून सांगा. फक्त ‘दुसरीकडे न्या’ असं लिहिण्याआधी, त्या दुसरीकडच्या गावाचं नाव एकदा कागदावर लिहून बघा.