घास खालचा, गारवा वरचा

आज एक साधाच प्रश्न घेऊ. माणसाचे घर कोणते? जेथे तो रात्री पाठ टेकतो ते, की जेथे त्याला दोन घास मिळतात ते? ज्याचे शेत घराला लागून आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. पण कर्जतहून मुंबईस किंवा लोणावळ्याहून पुण्यास रोज ये-जा करणारी माणसे तुमच्या-आमच्या घरातलीच आहेत. त्यांना विचारून पाहा. प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना माणूस घुटमळतो.

आपले तोंड आपल्याला दिसत नाही, त्याला आरसा लागतो. म्हणून उदाहरण जरा दूरचे घेतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात सॅन जॅसिंटो नावाचा 10,834 फूट उंचीचा डोंगर आहे. त्याच्या अंगावर, सुमारे 5,400 फुटांवर, आयडिलवाइल्ड हे लहानसे गाव वसले आहे. सभोवार चिडाची दाट झाडी, हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात गारवा. लोक हवा खायला येतात. आपल्या माथेरानसारखेच म्हणा ना. त्याच डोंगराच्या पूर्व पायथ्याशी कोचेला खोरे आहे, आणि ते म्हणजे निव्वळ वाळवंट. तेथले पाम डेझर्ट शहर समुद्रसपाटीहून जेमतेम सव्वादोनशे फूट वर. जुलैत दुपारचा पारा 42 अंशांच्या आसपास असतो. वर मात्र त्याच दुपारी तो 30 च्या आतबाहेर रेंगाळतो.

या दोन गावांमध्ये अंतर सुमारे 40 मैलांचे. डोंगरातून 74 क्रमांकाचा रस्ता वळणे घेत घेत खाली उतरतो. ‘पाइन्स टू पाम्स’, म्हणजे चिडापासून ताडापर्यंत, असे त्याचे नावच आहे. खाली हॉटेले आहेत, दवाखाने, दुकाने, शाळा आहेत, शंभरावर गोल्फची मैदाने आहेत. काम खाली आहे आणि गारवा वर आहे. मग एखादा गृहस्थ काय करतो? वर घर करतो, खाली चाकरी धरतो, आणि रोज पाच हजार फूट उतरून पाच हजार फूट चढतो.

थोडा हिशेब करू. जाऊन-येऊन 80 मैल, म्हणजे सुमारे 128 किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर पालखीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. हा गृहस्थ दर दोन दिवसांनी तेवढी वाट तोडतो! जाता-येता दोन तास धरले आणि वर्षाचे 230 दिवस कामाचे धरले, तर 460 तास होतात. म्हणजे सबंध एकोणीस दिवस आणि एकोणीस रात्री. पायी वारीलाही साधारण तितकेच दिवस लागतात. पण वारीहून परतलेल्याला विचारा, वाटेतला प्रत्येक मुक्काम त्याला आठवतो. कोणी भाकरी दिली, कोणी पाय चेपले, दिवे घाटात कोण दमले, सगळे तो सांगेल. या गृहस्थाला विचारा, कालची वाट कशी होती? तो म्हणेल, “होती नेहमीसारखी.” एकोणीस दिवस गेले आणि हाताला काही लागले नाही.

येथे कोणी शंका घेईल, “अहो, गारव्याची आवड हा काय अपराध झाला? मुलाबाळांना चांगली हवा मिळावी म्हणून बाप स्वतः उन्हात उतरतो, हा तर त्याचा त्यागच म्हणायचा!” शंका रास्त आहे. त्याच्या कष्टाला कोणी नावे ठेवू नयेत. रस्त्यातही दोष नाही. दोष असलाच तर तो मनातल्या एका वाटणीत आहे. तो मनाशी म्हणतो, ‘खालचे गाव कमाईपुरते, वरचे गाव आपले.’ ही वाटणी फार बारकाईने तपासली पाहिजे.

याच डोंगरात काविया नावाचे मूळ लोक पिढ्यान्पिढ्या राहत आले आहेत, आजही आहेत. त्यांचे पूर्वजही वर-खाली करीत. हिवाळ्यात खालच्या दऱ्यांत, ताडांच्या सावलीत, जिवंत झऱ्यांपाशी वस्ती. उन्हे तापली की वर. शरद ऋतूत ओकची फळे वेचायला जवळजवळ सारे गाव आठवडेच्या आठवडे डोंगरात. पण वाळवंट ही त्यांना परकी जागा नव्हती. तेथे त्यांनी वाळूत पायऱ्यांच्या विहिरी खोदल्या होत्या. दोन्ही जागा त्यांना पोसत आणि दोन्ही जागांची निगा ते राखत. जाताना म्हातारी-कोतारी, लेकरे, सगळी मिळून जात. त्यांचे जिणे खडतर होते, ते उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तरी एक गोष्ट खरी, की त्यांची वाट माणसांना जोडीत होती. आजची वाट रोज सकाळी बापाला घरापासून तोडते, आणि संध्याकाळी थकलेला देह तेवढा परत आणून टाकते.

आता खालच्या गावाकडे बघा. अमेरिकेत पिकणारा बहुतेक खजूर याच खोऱ्यातला. तो उतरवणारे, द्राक्षे तोडणारे, हिरवळ कापणारे मजूर त्याच उन्हात राबतात. पूर्व भागात त्यांतले पुष्कळजण पत्र्याच्या ट्रेलर-घरांतून राहतात. त्यांना संध्याकाळी डोंगर चढून गारव्याला जाण्याची सोय नाही. उघड्यावर राबणाऱ्यांना पाणी, सावली आणि अंग निवेपर्यंत विसावा दिलाच पाहिजे, असा नियम कॅलिफोर्निया राज्याने 2005 साली केला. म्हणजे सावलीसारखी गोष्टही कायद्याने मागावी लागली! आमचा गृहस्थ या माणसांच्या बाजूनेच रोज जातो. त्यांना तो ओळखतो का? एखाद्याचे नाव त्याला ठाऊक आहे का? की पाच वाजले की काचा वर करून तो निघाला?

आणि गारवा तरी कायमचा कोठे आहे? 2018 च्या जुलैत डोंगरात वणवा पेटला आणि आयडिलवाइल्ड गाव रिकामे करावे लागले. ज्या तळाकडे पाठ फिरवली होती, त्याच तळाकडे माणसे धावली. पुढे 14 फेब्रुवारी 2019 च्या पावसाने 74 आणि 243 या दोन्ही रस्त्यांना जागोजाग खिंडारे पडली. दुरुस्तीला कित्येक महिने लागले. वरचे गाव खालच्या गावावाचून जगत नाही, हे त्या दिवसांत कोणाला शिकवावे लागले नसेल.

आपल्याकडे सावता महाराजांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. अरणचा मळा सोडून ते कोठे गेले नाहीत. कांदा-मुळा-भाजी हेच त्यांचे सर्वस्व होते. “मग काय सर्वांनी नोकऱ्या सोडून मळे करावे?” असे कोणी विचारील. तसे नव्हे. सगळ्यांच्या नशिबी घराशेजारी मळा नसतो. पण जेथे हात राबतात तेथे मनही असावे, एवढे तर प्रत्येकाला जमण्याजोगे आहे. ज्या मातीचा घास खाल्ला, तिचे ऋण आपल्यावर आहे. पगार घेतला म्हणजे ते फिटत नाही. पगाराने आपले देणे चुकते, मातीचे आणि तेथल्या माणसांचे राहूनच जाते.

तेव्हा रोज ये-जा करणाऱ्या माझ्या बंधूंनो, ये-जा सोडा असे मी म्हणणार नाही. पोट आहे, मुले आहेत, भाडी आहेत. पण एवढे करा. कामाच्या गावाला ‘तिकडे’ म्हणू नका. तेथल्या चार माणसांची नावे आणि सुखदुःखे माहीत करून घ्या. आपल्या हाताखाली कोणी उन्हात राबत असेल, तर नियमाची वाट न पाहता आधी त्याची सावली बघा, मग आपली. वाटेतले दोन तास वायफळ जाऊ देऊ नका. आणि घराच्या उंबऱ्याशी आलात की क्षणभर थांबा. देह तर आलाच आहे. मन आले का, ते बघा आणि मगच आत पाऊल टाका. आत मुले वाट पाहत आहेत, आणि ती पगाराची वाट पाहत नाहीत.