कौशल्याचा भार

२००२ साली लास व्हेगासमध्ये जेनिफर हार्मन या व्यावसायिक खेळाडूने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधील ५,००० डॉलर प्रवेशशुल्काची लिमिट होल्डेम स्पर्धा जिंकली. ह्या प्रकारात प्रत्येक फेरीत लावायची रक्कम ठरलेली असते. सारी पुंजी पुढे लोटून समोरच्याला घाबरवता येत नाही. उरते ती पारख, संयम आणि गणित. दोघांमधला हा खेळ तर २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाकडून जवळजवळ पूर्णपणे सोडवून घेतला.

तेव्हा हा जुगार नव्हे, कौशल्य आहे, असा बचाव केला जातो. मला तो बचाव न वाटता उलट भार वाटतो. निव्वळ नशिबाच्या खेळात दोघेही आंधळे. येथे एकाला दिसत असते. एखादा दिवस पत्ते दगा देतील, पण वर्षाअखेर कोण हरणार हे जाणकाराला ठाऊक असते.

ख्रिस्तसभेची शिकवण अशा खेळांना सरसकट पाप ठरवीत नाही. कुणाच्या गरजेचा घास हिरावला जाणे मात्र ती अमान्य करते. स्वतः मूत्रपिंडरोपण झालेल्या हार्मनबाईंनी पुढे अवयवदानाच्या जागृतीसाठी संस्था काढली. ते स्तुत्यच, परंतु हा हिशेब त्याने मिटत नाही. समोर बसलेल्याचे ५,००० डॉलर चैनीचे होते की घरभाड्याचे, हे त्याला कोणी विचारायचे?